फुकटचा डबा

"आई, ठेव ना ते खाली! लोक बघतायत."

ललिता दातओठ खात कुजबुजली. भिमाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मदरबोर्डचा खोका तिनं तळहातावर दोनदा झेलला, मान हलवली आणि काउंटरवर ठेवला. मग रॅमची इवलीशी पट्टी घेतली. तीही झेलली.

घोटीच्या बाजारात वीस वर्षं ती भाताची खरेदी करत होती. व्यापारी कितीही गोड बोलो, ती गोणीत हात घालायची, मूठभर दाणे तळहातावर उडवायची. दाणा भरलेला की पोचट, ते तिच्या डोळ्यांआधी हाताला कळायचं. पण हे गंगापूर रोडवरचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. इथं एसी होता. ललिताला धरणी दुभंगावी असं वाटत होतं.

"तुझं चालू दे," भिमाबाई म्हणाली. "मी नुसती बघते."

वहीच्या शेवटच्या पानावर ललितानं यादी केली होती. खोडून खोडून पान फाटायला आलं होतं. तीन महिने तिनं मासिकं वाचली, कॉलेजातल्या पोरांचं डोकं खाल्लं. तयार कॉम्प्युटर तिला नकोच होता. एकेक पार्ट निवडून ती स्वतःच्या हातानं जोडणार होती. सगळं खरं होतं, यादीतली एक ओळ सोडून. ती ओळ ग्राफिक्स कार्डाची. सगळ्यात महाग. "डिप्लोमाच्या अभ्यासाला लागतं गं, त्याच्याशिवाय प्रोग्रॅमच चालत नाय," असं तिनं आईला सांगितलं होतं. आईला खरं कळलं तर कार्ड गेलंच. आणि कार्ड गेलं की उरतो तो टाइपरायटर. रविवारी सायबर कॅफेत बसून, गेममध्ये ऐन गोळी झाडायच्या वेळी अडकणाऱ्या त्या खटाऱ्यावरच तिला जन्म काढावा लागणार होता.

दुकानाचा मालक आल्हाद. गिऱ्हाइकाच्या चपला बघून आवाज ठरवणारे दुकानदार असतात, त्यातला. भिमाबाईच्या चपलांना अजून गावचा चिखल होता. त्यानं ललिताची यादी वाचली आणि भुवया उंचावल्या. एवढ्या नेमक्या यादीची त्याला या चपलांकडून अपेक्षा नव्हती.

"कॅबिनेट कुठलं?"

"ते. निळ्या लाइटचं."

"चॉइस भारी आहे तुझा. वर त्याच्यासोबत एसएमपीएस फ्री." त्यानं कॅबिनेटमधून एक लोखंडी डबा काढून काउंटरवर ठेवला.

ठेवला नाही तोच भिमाबाईच्या हातात गेला. उडाला. पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा उडाला, तेव्हा ललितानं डोळे मिटले.

"याचं काम काय?"

"वीज, मावशी. सगळ्या पार्टना वीज वाटून देतो हा."

"म्हंजे सगळ्यांला जेवू घालतो."

"तसंच समजा," आल्हाद हसला.

"मंग हा सोताच उपाशी हाय."

आल्हादचं हसू तिथंच थांबलं. "साडेचारशे वॉटचा आहे, मावशी. हे बघा, लिहिलंय वर."

"लिहिल्यालं गोणीवर बी असतं." भिमाबाईनं मागच्या फळीवरच्या डब्याकडं बोट दाखवलं. "तो दावा."

तो आला. तिनं दोन्ही डबे लेकीपुढं केले. "धर. तुझी मशीन हाय ना?"

ललितानं धरले. एक हात सरळ खाली गेला. दुसरा होता तिथंच राहिला. दोन्ही डब्यांवर आकडा तोच, साडेचारशे. तिची कानशिलं तापली. तीन महिन्यांत तिनं सगळं वाचलं होतं, फक्त या डब्याचं काही वाचलं नव्हतं. निळे लाइट बघून भुलली होती. हा पोकळ डबा बसवला असता तर महिन्याभरात धूर निघाला असता, आणि जाताना बोर्ड, कार्ड, सगळ्यांना सोबत घेऊन गेला असता.

"हा जड द्या," भिमाबाई म्हणाली. "फुकटचा तुमच्या घरला लावा."

शेजारचं एक गिऱ्हाईक फस्सकन हसलं. नुसतं हसलं नाही, बांधून ठेवलेल्या आपल्या सामानातला डबा काढून तळहातावर झेलू लागलं.

आल्हादला ते झोंबलं. चोरी पकडली गेली की चोराला अचानक सत्याचा पुळका येतो.

"मावशी, एवढं कळतं तुम्हाला, तर हेही ऐका," तो मोठ्यानं म्हणाला. "हे जे महागडं कार्ड मुलगी घेतेय ना, ते अभ्यासाला लागत नाही. गेम खेळायला लागतं. बंदुका घेऊन माणसं मारायची. दुसरं काही नाही."

ललितानं मान खाली घातली. तिनं यादीची घडी केली. मग घडीची घडी केली.

भिमाबाईनं लेकीकडं पाहिलं. "पोरांशी खेळती?"

"हो."

"जिंकतं कोण?"

ललितानं मान वर केली. "मी."

भिमाबाईनं कमरेची पिशवी सोडली. "घाला ते कार्ड," ती आल्हादला म्हणाली. "पण आधी माझ्या हातात द्या."

रिक्षात दोघींच्या मांडीवर खोके होते. निळ्या लाइटचं कॅबिनेट मधे पाहुण्यासारखं बसलं होतं. कॉलेज मागं पडलं तशी ललिता आईकडं वळली.

"आई, मी खोटं बोलले."

"ठाव हाय."

"आत्ता कळलं ना? त्यानं सांगितलं तेव्हा?"

"छ्या! तू 'अभ्यास' म्हणाली तवाच. लय हलका लागला शबुद."

"मंग आलीस कशाला एवढ्या लांब?"

भिमाबाईनं जड डबा मांडीवर नीट सरकवून घेतला.

"आता थोडा पोचट दाणा कुठल्या भातात नसतो, म्हणून का गोणी टाकून द्यायची?"