नेहमीची खोली

"काकू, तुमची नेहमीचीच खोली ठेवलीय," बुकिंगवरचं नाव वाचून सराईची मालकीण म्हणाली.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय," मुलगी हसली. "आई आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघतेय. मीच आणलंय तिला." हे ती सकाळपासून चौथ्यांदा सांगत होती. एकदा बसमधल्या बाईला, दोनदा फोनवर नवऱ्याला आणि आता इथं.

सराई दोनशे वर्षांची. एके काळी गलबतांवरचे लोक तिथं उतरत. प्रत्येक पाहुण्याचं कार्ड ठेवायची तिथली जुनी पद्धत होती. उशा किती, चहा कसा, उठवायचं कधी. म्हाताऱ्या मालकांचा त्यात एक नियम होता: पाहुण्यानं ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. तो कुठं लिहिलेला नव्हता, आणि मालक मागच्या वर्षी गेले. आताची मालकीण त्यांची सून, बिचारी हौशी. तिनं खोक्यातून कार्ड शोधून कौतुकानं वाचूनच दाखवलं.

"चहा बिनसाखरेचा. जेवण खोलीत. उठवू नये. दार वाजवू नये. एकवीस वेळा आलात काकू तुम्ही! ह्या बघा तारखा."

आई 'नाही' म्हणाली नाही. मुलीनं कार्ड जवळजवळ हिसकावूनच घेतलं. दर वर्षी एक शनिवार-रविवार. म्हणजे आई 'मावशीकडे' जायची तेच. मावशीचा दमा, मावशीचा गुडघा. बाबा स्वतः स्टँडवर सोडायला जायचे.

खोलीचं दार लागेपर्यंत तिनं कसाबसा धीर धरला.

"कोण होता?"

"कुणी नाही."

"आई, आता बाबाही नाहीत. खरं सांगून टाक."

"कुणी नव्हतं गं. झोपायचे. भूक लागली की जेवायचे. दोन दिवस कुणी हाक मारायचं नाही."

मुलगी सुन्न झाली ती इथं. कुणी असता तर ती चिडली असती, रडली असती, आणि कधीतरी तिनं समजूनही घेतलं असतं. पण आई घरातल्यांपासूनच पळत होती, आणि त्या घरात तीही होती. हे काही केल्या तिच्या गळी उतरेना. एका तारखेवर तिचं बोट थांबलं.

"ह्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. दहा वर्षांची होते मी. तापात तुझ्या नावानं हाका मारत होते, आत्या अजून सांगते. तेव्हाही इथंच होतीस?"

"हो."

"दोन दिवस?"

"तीन." आईनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "त्या वेळी परत जायचं नाही असं ठरवूनच आले होते."

खाली अंगणात मालकीण कुणाला तरी सराईचा इतिहास सांगत होती. मुलगी पलंगाच्या कडेला बसली.

"मग?" तिनं विचारलं.

आईनं खिडकीची खिट्टी न बघताच काढली. समोर समुद्र होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुझा ताप उतरला की नाही," ती म्हणाली, "ते इथं कळेना."