चांदोबाचं नवं गाणं

आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराची मुलगी सुनमाया बालवाडीत कुणाशीच बोलत नसे. म्हणून प्रमिलाबाईंनी चांदोबाचं बडबडगीत बदललं. आता चांदोबा हिमालयामागून उगवायचा आणि बाळ आईला नेपाळीत ‘आमा’ अशी हाक मारायचं. मुलांना ते भारी आवडलं.

एकदा दुपारी अंगणातून तेच गाणं ऐकू आलं. बाई हरखून दाराशी गेल्या. मुलांनी सुनमायाला घेरलं होतं. बोटांनी आपली नाकं चपटी करून मुलं “आमा, आमा” ओरडत होती. सुनमाया गुडघ्यांत डोकं खुपसून बसली होती.

संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या.

“पोरं लहान आहेत हो. मी चांगली रागावलेय त्यांना.”

“रोजच चिडवतात, बाई,” सुनमायाची आई म्हणाली. “आता ती घरीही नेपाळी बोलत नाही. मी बोलले, तर माझ्या तोंडावर हात ठेवते.”

 बाई तशाच परतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनंच गाणं घेतलं. सुनमाया पहिल्यांदाच गायली, अगदी मोठ्यानं. गाणं संपल्यावर तिनं भीत भीत शेजारच्या मुलीला विचारलं, “बरोबर म्हटलं ना मी?”