बोळात वळलेली फक्की

राजेश बोळाच्या तोंडाशी उभा राहून कधी नकाशाकडे, तर कधी रस्त्याकडे बघत होता. कर्जतच्या बाजारपेठेत नळाची नवी पाइपलाइन टाकायची म्हणून काल संध्याकाळी त्यानंच चुन्याची फक्की मारली होती. ती सरळ देवळाकडे गेली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. आज मात्र तिला फाटा फुटला होता. किराणा दुकानापाशी वळून पांढरी रेघ बोळात शिरली होती, ती थेट शेवटच्या घरापर्यंत. आणि रेघ दिसली म्हणून मजुरांनी निम्मा बोळ खणूनही काढला होता.

नकाशात तर हा बोळच नव्हता. त्यानं साहेबांना फोन लावला.

"फक्की तू मारलीस ना? मग मला काय विचारतोस!"

राजेशनं वाकून चिमूटभर पूड बोटांत चोळली. चुना इतका खरखरीत कधीपासून लागायला लागला, त्याला कळेना. डोकं धरून तो शेवटच्या घराच्या पायरीवर बसला. नाक्यावरून भरून आणलेला हंडा त्या घरच्या सुंदराबाईंनी खाली उतरवला आणि त्यातलंच तांब्याभर पाणी त्याच्यापुढं धरलं. पिता पिता त्याची नजर बोळभर फिरली. दारोदारी रांगोळ्या होत्या, हेच एक दार मोकळं.

"मावशी, आज रांगोळी नाय काढली?"

"संपली रं बाबा," सुंदराबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "दुकानापासून दारापर्यंत लय लागली."