तळहातावरचा मेल

"ब्लँक," क्षितिजाला पडद्यावरचं वाचून दाखवणारी कॉम्प्युटरमधली बाई म्हणाली.

क्षितिजानं मेल बंद केला आणि पुन्हा उघडला.

"ब्लँक."

"काल पोपटासारखी बोलत होती," हौसा म्हणाली. "आज काय दातखीळ बसली हिची?"

"रात्री कंपनीनं आतली सिस्टीम बदलली, आजी. मेल कुणाचा, किती वाजता आला, सगळं सांगते. उघडला की आतलं वाचत नाही. रिकामं म्हणते."

हौसानं पडद्याकडं बघितलं. रिकामं कुठलं, चांगल्या दोन ओळी होत्या.

वळ गावातल्या या गोडाऊनमध्ये सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा होत. हौसाला मात्र गेटवर कुणी अडवत नसे. सगळे गाळे तिच्याच भाताच्या शेतावर उभे होते. नातीची न्याहारी घेऊन ती यायची आणि डबा रिकामा होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

सुपरवायझर मनोज दारातूनच बोलला. "झालं का उत्तर? अकराच्या आत पाहिजे हेड ऑफिसला."

"सर, मेल वाचला जात नाहीये. कॉम्प्युटरवाल्याला सांगा ना."

"सांगितलंय. दोनला येतोय तो ठाण्याहून." मनोज घुटमळला. "हे बघ, कामात तुझी चूक नाही काढत मी. पण रोज कुणीतरी वाचून द्यायचं असेल तर इथं वाचणाराच बसवावा लागेल. अकरापर्यंत जमतं का बघ. नाहीतर उद्यापासून गेटवरच्या नामाला बसवतो तुझ्या जागी."

तो गेला. हौसा ताडकन उठली. "थांब, बघते त्याला. माझ्या जागेत उभं राहून माझ्याच नातीला..."

क्षितिजानं तिचा पदर धरला. "तुझी जागा आहे म्हणून नको मला इथं ठेवायला. बस खाली. साडेदहा झालेत. तू वाच ना, काय लिहिलंय?"

"मी?"

"हो. पेपर वाचतेस की रोज."

हौसानं चष्मा पुसला. खाकरली. "लिवलंय की... गाडी येते म्हणून. नेहमीचंच."

"किती वाजता?"

"अकरा." आकडे तिला येत होते.

"माल कसला?"

"माल... चांगला हाय."

क्षितिजाची बोटं कीबोर्डवर थांबली. "आजी, चांगला माल आहे असं कुणी मेलमध्ये लिहितं का?"

बाहेर एक कंटेनर रिव्हर्स घेत होता, त्याची पीं-पीं बराच वेळ चालली. ती थांबल्यावर हौसा हळूच म्हणाली, "येत न्हाय मला."

"इंग्रजी?"

"काहीच. सही तेवढी येते. पेपर नुसता धरते मी." ती पडद्याकडं बघूनच बोलत होती. "तुझ्या आजोबांना मरेपर्यंत कळू दिलं न्हाय."

क्षितिजानं ओढणीला हात पुसला आणि तळहात पुढं केला.

"तिसरीपर्यंत दिसत होतं मला. अक्षरं आठवतात. तू वाचू नको. जसं दिसतं तसं इथं काढ."

हौसानं बोट टेकवलं. एक उभी रेघ, तिच्या डोक्यावर आडवी.

"उलटं येतंय गं. समोर नको, माझ्या बाजूला ये."

खुर्ची सरकली. आता दोघींचे खांदे लागले. लग्नघरी पिठाच्या रांगोळीचा चौक भरताना हौसाचं बोट कधी चुकलं नव्हतं. आज पहिली दोन अक्षरं तिला पुन्हा काढावी लागली. मग बोट बसलं. एक अक्षर झालं की ती पडद्याकडं बघायची, ओठ आवळायची आणि पुढचं काढायची. शब्द संपला की तळहातावर हळूच चापट मारायची, पाटी पुसल्यासारखी.

"ट्रक," क्षितिजा म्हणाली. मग, "अकरा." मग तिनं हौसाचं बोट धरलं.

"हे काय आहे? परत काढ."

"मधी खड्डा हाय त्याला. दोन्हीकडून उतार."

"व्ही. व्हॅक्सिन! लसी आहेत, आजी. पुढं?"

दुसऱ्या ओळीच्या शेवटी हौसानं एक आकडी काढली आणि खाली टिंब दिलं.

"प्रश्नचिन्ह. कुठला गाळा, विचारतात." क्षितिजा हसली. "लसी म्हणजे थंड गाळा. नऊ नंबर. सकाळीच रिकामा झालाय."

तिनं झरझर टाइप केलं आणि मेल पाठवला. अकराला सात मिनिटं होती.

थोड्या वेळानं मनोज आला, हातात गेटची चिठ्ठी. "लसींची गाडी नऊ नंबरवर घ्यायला सांगितलंय हेड ऑफिसनं. म्हणजे उत्तर गेलं?" त्यानं शेजारी बसलेल्या हौसाकडं बघितलं. "अच्छा. आजींनी वाचून दिलं."

"हो, आजीनं..." क्षितिजानं सुरुवात केली.

"न्हाय," हौसा म्हणाली.

"मग कुणी वाचलं?"

हौसानं पाठ ताठ केली. आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढा काढला. "मला अक्षर येत न्हाय, मनोज. एक पन न्हाय. मी नुसतं बोट फिरवलं. वाचलं हिनं."

पलीकडच्या टेबलावर बिलबुकातून बिलं फाडणारा केसरीनाथ थांबला. मनोज एकदा आजीकडं, एकदा नातीच्या लाल झालेल्या तळहाताकडं बघत राहिला.

"बघतोस काय? नऊ नंबरचं शटर उघड जा. गाडी उन्हात तापंल."

मनोज गेला. क्षितिजानं आवाज खाली आणला.

"आजी, त्याला कशाला सांगितलंस? इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीस."

"गप. हात आण इकडं," हौसा म्हणाली. "दुसरा मेल आलाय."