मोरिवाकींच्या पाच खुणा

"अहो मोरिवाकीसान, या तुमच्या खुणा सगळ्या भलतीकडेच पडल्यात की!" सोनोबेबाई हसत म्हणाल्या.

बाई अंधांच्या ग्रंथालयातून पुस्तकं ऐकवणारं नवं यंत्र घेऊन आल्या होत्या. जुन्याची बटणं अडकायला लागली होती. बटण दाबलं की पुस्तक जिथून ऐकू यावं, त्या जागांच्या जुन्यातल्या खुणा नव्यात आपोआप येत नाहीत, म्हणून त्या एकेक ऐकून पुन्हा टाकायला बसल्या होत्या. कामाला वाघ बाई.

"राहू द्या हो," मोरिवाकी म्हणाले. "तुम्हाला पुढे आणखी घरं असतील."

"पाच मिनिटांचं काम." बाईंनी जुन्या यंत्राचं पहिलं बटण दाबलं.

"आलात? बाहेर फार गारठा असेल ना," यंत्रातली बाई म्हणाली. आवाज साधा, जराही नाटकीपणा नाही. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना ग्रंथालयाची तशी ताकीदच असते.

"बघा! ना प्रकरणाची सुरुवात, ना पानाची. चुकून बोट लागलं असेल. आमच्याकडे बऱ्याच जणांचं होतं असं."

मोरिवाकींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चुकून कसलं! अकरा तास चाळीस मिनिटांच्या त्या कादंबरीतून त्यांनी ही वाक्यं वेचून काढली होती. कादंबरी एका मासेविक्याच्या बायकोची, आणि तशी रटाळच. पण पहिल्या बटणावर ती "आलात?" विचारायची. दुसऱ्यावर "अजून थोडा भात घ्या." तिसऱ्यावर "उठा, सात वाजले." चौथ्यावर वाचता वाचता चुकून निसटलेलं नुसतं हसणं. पाचव्यावर "दिवा मालवू का?" मोरिवाकींच्या घरात एकोणीस वर्षांत दिवा लागला नव्हता. तरी कुणी विचारलेलं बरं वाटायचं.

हे बाईंना सांगायचं कसं? एकटेपणाची एवढी लाज वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "मी नीट प्रकरणांवर लावून देते. पाच खुणा, पाच प्रकरणं. शोधाशोध नको."

"फार उपकार झाले," मोरिवाकी म्हणाले, आणि वाकून नमस्कारही केला. बाईंना त्यांनी चार सफरचंदंही बांधून दिली. हिरोसाकी म्हणजे सफरचंदांचं गाव, तिथे सफरचंदाशिवाय कुणाला निरोप देत नाहीत.

जुनं यंत्र पिशवीत घालून बाई निघाल्या. मोरिवाकी कोट चढवून, काठी घेऊन त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत दोनदा त्यांनी सांगायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा बर्फ फार पडलंय एवढंच म्हणाले. बस आली, बाई गेल्या.

घरी परतल्यावर दारात बूट काढता काढता ते रोजच्यासारखं मोठ्याने म्हणाले, "आलो!"

मग चाचपडत टेबलापाशी गेले. काय ऐकू येणार हे ठाऊक असूनही त्यांनी पहिलं बटण दाबलं.

"प्रकरण पहिलं," तीच बाई त्याच आवाजात म्हणाली, आणि वाचत सुटली.

ती "आलात?" नेमकं कुठे म्हणते, ते त्यांना आता आठवेना. तिसऱ्या प्रकरणात, की सातव्या? मोरिवाकी खुर्चीत बसले. ती विचारेपर्यंत कोट काढायचा नाही, असं ठरवून ऐकत राहिले.