हिच्याकडे तोंड करून

सकाळी दहाला तपासणी अधिकारी घरी येऊन गेले. बायकोच्या कायम वास्तव्याचा अर्ज अजून मंजूर व्हायचा होता. नवरा-बायको खरंच एकत्र राहतात का, हे त्यांना पाहायचं होतं. नवरा कामासाठी दुसऱ्या देशात गेला होता. कळताच त्याने घाबरून फोन लावला.

"मी नव्हतो, म्हणून बिनसलं का गं?"

"नव्हतात कसे? तुम्हीच तर उत्तरं दिलीत," ती हसली. "कुठल्या कुशीवर झोपता विचारलं, तर म्हणालात, हिच्याकडे तोंड करून."

तो लग्नापासून भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

"घरात कोण आहे?"

"चेष्टा पुरे. आतल्या खोलीतून कसले फोन करता? थांबा, चहा आणते."

दार उघडल्याचं ऐकू आलं. मग त्याचाच आवाज, पण त्याने कधी दाखवली नव्हती इतक्या मायेचा: "कोणाचा फोन गं?"



"कोणाचाच नाही हो," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.