सत्तेचाळीसचा कपॅसिटर

सर्वेशने गिटारचा आवाज बदलणारं पेडल घरीच बनवलं. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळाला नाही म्हणून त्याने सत्तेचाळीसचा लावला, आणि पेडल दाबलं की स्पीकर घूंऽऽ करायचा. रेडिओ दुरुस्तीत हयात घालवलेला मी चिडायचो. तो हसायचा, “वाजता मा, बाबा?” अपघातात तो गेला, त्याला दोन महिने झाले. निदान हे तरी नीट करावं म्हणून आज कुडाळहून शंभरचा आणला, जुना केरात टाकला, नवा सोल्डर केला. घूंऽऽ थांबलं. संध्याकाळी त्याच्या आईने तांदूळ वैरले आणि सवयीने येऊन पायाने पेडल दाबलं. परत दाबलं. “अवो, आवाज खंय गेलो? तुमी दुकानात गेलास की रोज लावतंय. तो आयकत जेवाण करतंय. माका वाटता, आपलो झील भायर बसलो आसा.” मी केराची टोपली जमिनीवर उपडी केली. दोघंही गुडघ्यांवर बसून सत्तेचाळीसचा शोधू लागलो.